चटणीच्या डब्यातला घूं

आमच्या घरात आठ महिने एक आवाज राहायला होता. घरी मानाचा पाहुणा आला की करतात तसं त्याचं सगळं केलं जायचं. तो बोलत असताना पंखा बंद, कुलर बंद, कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. भांडी घासायची तीसुद्धा दबकत. मी त्याच्याविषयी काही बोलायला गेले की ‘तुला त्यातलं काय कळतंय?’ असं विचारलं जायचं. आवाज ‘घूं’ असा होता. त्याला स्वतःला एवढंच बोलता यायचं, पण त्याच्याविषयी बोलणाऱ्यांना फार बोलता यायचं.

मी गणिताची शिक्षिका. सोलापुरात आठवी-नववीच्या मुलांना त्रैराशिक आणि काटकोन शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाले त्याच आठवड्यात शिडी लावून माळ्यावरची गिटार खाली काढली. ही छातीशी धरून वाजवायची गिटार नव्हे. मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची, ती हवाईयन गिटार. आमच्या कॉलेजच्या काळात प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक तरी असायची, आता लोक तिला इस्त्रीचा स्टँड समजतात. ती विजेवर चालते. ॲम्प्लिफायर नसेल तर कितीही वाजवा, शेजारच्या खुर्चीपर्यंतही सूर पोचत नाही.

आणि मला तो एका ठराविक खुर्चीपर्यंत पोचवायचा होता. ती खुर्ची माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची.

अक्का दुधनीला दिलेली. शिक्षण सातवी, पण आमच्या घरात तिच्याइतकं धडधडीत खोटं कोणाला बोलता येत नव्हतं. मला कॉलेजात गिटार हवी होती. आमचे वडील, अप्पा, शेंगांचे व्यापारी, गाणं म्हणजे त्यांच्या लेखी दुकान बुडवायचा धंदा. तेव्हा अक्का माहेरपणाला आली होती. तिने अप्पांना कानडीत ठणकावून सांगितलं की हे यंत्र असल्याशिवाय बी.एस्सी.च्या पोरींना परीक्षेला बसू देत नाहीत. अप्पांनी निमूट गिटार आणली आणि माझा निकाल लागला तेव्हा तिलाही हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षी गॅदरिंगला मी एक गाणं वाजवलं, पोरांनी वन्स मोअर घेतला. अक्का मात्र तेव्हा पहिल्या बाळंतपणात दुधनीला होती. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, गिटार माळ्यावर गेली आणि तिच्यासमोर वाजवायचं राहिलं ते राहिलंच.

आता अक्काचे कान चालले होते. उजव्या कानात काही उरलं नव्हतं आणि डाव्यातलं दर महिन्याला थोडं थोडं कमी होत होतं. तिने डाव्या कानात मशीन घातलं होतं. गिटार खाली काढल्याचं तिला फोनवर ओरडून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग कान हायेत तवर ते गॅदरिंगचं वाजवून दाखव की. अप्पाला फसवलं मी. कशासाठी फसवलं ते तरी कळू दे मला.”

मी बाजारात जाऊन एक लहानसा तयार ॲम्प्लिफायर पसंत करून आले. घरी येऊन ते बोलून दाखवलं, ही माझी चूक.

“बाजारातला?” हे म्हणाले. “मी घरात असताना?”

हे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. ज्याने अख्ख्या शहराचे फोन चालू ठेवले त्याच्या बायकोने बाजारातून खोकं आणावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांच्या नोकरीच्या काळात आमच्या घरचा फोन बहुतेक वेळा बंद असायचा, हे मी त्या वेळी काढलं नाही. त्यांनी जाहीर केलं की ॲम्प्लिफायर घरीच होईल आणि तोही व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत काचेच्या बाटल्या मंद लाल पेटायच्या, ते व्हॉल्व्ह. “नवीन सामानाचा आवाज कोरडा येतो,” त्यांनी मला समजावलं, “व्हॉल्व्हच्या आवाजात माया असते.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माया हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सामान बसवायला ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा हवा होता. तसा डबा घरात एकच होता आणि त्यात शेंगाचटणी होती. चटणी बरणीत गेली आणि डब्याला भोकं पडली. डबा नीट घासून घ्या म्हटलं, तर त्यांनी तांब्याभर पाण्यात उरकला, कारण तो पाण्याचा चौथा दिवस होता.

इथे पाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही आलं तर. त्यामुळे आमच्या घरात वार फक्त पाच: पाण्याचा दिवस, दुसरा, तिसरा, चौथा आणि वाट बघायचा. पाणी भरणं माझ्याकडे आणि पाण्याचे नियम ह्यांच्याकडे, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी. अंघोळीला माणशी अर्धी बादली. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. नळाखाली हात धुताना मी एकदा गाणं गुणगुणले तर म्हणाले, गाणं नंतर म्हण, नळ आधी बंद कर. स्वतः मात्र उन्हाळा असो की दुष्काळ, अर्ध्या बादलीची अंघोळ आणि त्यानंतर गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाहीत. ताप आला तरी हा नेम मोडलेला मी पाहिला नव्हता.

खंडेनवमीला डब्याला झेंडूची माळ घालून बटण दाबलं. व्हॉल्व्ह पेटले. डबा तापला आणि घरभर लसूण-मिरचीचा खमंग वास सुटला. मग आवाज आला, घूं.

“तापतंय अजून,” हे म्हणाले.

ते तापत राहिलं. दिवाळीत अक्का आली. मी डबा लावला, गिटार मांडीवर घेतली आणि कांडी तारेवर टेकवायच्या आधीच अक्काचं तोंड वाकडं झालं. कानातलं मशीन काही निवड करत नाही, सूर वाढवतं तसा घूंही वाढवतं. आम्हाला जो डबा गुणगुणल्यासारखा वाटत होता, तो तिच्या कानात पिठाची गिरणी झाला होता. तिने मशीन काढून ओच्यात टाकलं.

“डब्यात भुंगा हाय गं,” ती म्हणाली. “भुंगा काढ, मग बोलव.”

ती दोन दिवस राहिली, फराळ केला आणि न ऐकताच परत गेली. मला फार वाईट वाटलं. ह्यांनाही वाटलं असावं, पण ते वाईट वाटण्याचं काम समिती नेमून करतात.

समितीत आमच्याच गल्लीतले दोघं होते. एक रेडिओ मेस्त्री. घर विणकरांचं, मागच्या खोलीत अजून दोन माग खडखडतात, पण त्यांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. आता त्या दुकानात पुतण्या मोबाईलची कव्हरं विकतो आणि मेस्त्री बाहेर बाकावर बसून जगात काही दुरुस्त करण्यालायक उरलं नाही म्हणतात. दुसरे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आयुष्यभर वीज शिकवली, पण घरातला बल्ब त्यांच्या सूनबाई बदलतात.

ही समिती भरायची ती नेमकी पाण्याच्या दिवशी. त्याला कारण होतं. पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात हंडे, पिंपं, बादल्या, मोटार, आरडाओरडा. ज्या पुरुषाला काही महत्त्वाचं काम नाही त्याच्या हातात घागर येते. आमच्याकडे मात्र संशोधन चालू होतं. दोघंही दहाच्या सुमाराला यायचे, बाहेरच्या खोलीत डबा उघडून बसायचे आणि मी अंगणात पाणी भरून धुण्याचा डोंगर उपसेपर्यंत हलायचे नाहीत.

पहिल्या बैठकीत मेस्त्रींनी डब्याला कान लावला, डोळे मिटले, आणि बोटाने एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारली.

“वहिनी, ह्यो आवाज कंडेन्सरचाच बघा,” ते म्हणाले. “लई म्हातारा झालाय. आपल्यावानी. बदलायलाच पायजे.”

कंडेन्सर बदलला. कथलाचा डाग देऊन डबा बंद केला तोवर साडेबारा वाजले होते. बटण दाबलं आणि घूं गेला होता. अगदी गेला होता. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं ते असं, की मी ताबडतोब कढई ठेवली. धुणं पिळून ओले हात तसेच पदराला पुसून मी त्या विजयाची भजी तळली. दोन दिवस हे डबा लावून नुसते बसून राहायचे, शांतता ऐकत. मी गिटार घेऊन गेले की म्हणायचे, थांब, आधी हे ऐक. चौथ्या दिवशी शांततेत कुठेतरी बारीक घूं सुरू झाला आणि वाट बघायच्या दिवशी तो पहिल्यासारखा बसला.

दुसऱ्या वेळी प्राध्यापकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं की डब्यातल्या सगळ्या तारा वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडल्यामुळे त्यांच्यात मतभेद होतात. त्या एका बिंदूत आणल्या की एकवाक्यता येईल. सगळ्या तारा एका स्क्रूखाली आल्या, दुपारी घूं गेला आणि भजी झाली. चौथ्या दिवशी घूं आला. मग ह्यांनी स्वतः व्हॉल्व्हच्या तारांची वेणी घातली. आमच्या पोरीच्या शाळेच्या दिवसांत ज्यांनी कधी फणी हातात धरली नाही, त्यांनी ती वेणी दोन तास घातली. दुपारी घूं गेला, भजी झाली, आणि चौथ्या दिवशी घूं हजर. मग ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला. काटकोन माझा विषय, पण मला कोणी विचारलं नाही. पुढच्या बैठकांना आणखी काय काय बदललं ते आता आठवत नाही, भजी आठवतात. प्रत्येक वेळी ज्याने हात लावला त्याचा जयजयकार व्हायचा आणि घूं परत आला की दुसऱ्या कोणीतरी मध्येच बोट घातल्याचा निष्कर्ष निघायचा. ते दुसरं कोणीतरी म्हणजे मी, केर काढताना.

एकदा प्राध्यापकांनी दबकत विचारलं, “अर्थिंग व्यवस्थित आहे ना?”

हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “सर, ते मी स्वतः केलंय.”

ते खरं होतं. घर बांधताना अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, ह्यांनी पुरुषभर खड्डा खणून घेतला होता. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि वरून पाणी सोडायला एक लोखंडी नळी. घरात वीज उतू गेली तर ती जमिनीत जावी म्हणून ही सोय. एक्स्चेंजमध्येही असाच खड्डा होता आणि उन्हाळ्यात त्यात रोज दोन बादल्या ओतल्या नाहीत तर हे शिपायाला फाडून खायचे, ही गोष्ट आम्ही प्रत्येक लग्नकार्यात ऐकली आहे. प्राध्यापकांनाही ती पुन्हा ऐकावी लागली. अर्थिंगचा विषय त्यानंतर निघाला नाही.

याच सुमाराला मला मुंग्या यायला लागल्या. कांडी तारेवर टेकवली की बोटांतून मनगटापर्यंत झिणझिण चढायची. मी ते समितीला सांगितलं. समितीने डब्यातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं.

“या वयात येतात,” हे म्हणाले.

“बी-ट्वेल्व्ह कमी असेल,” प्राध्यापक म्हणाले.

“आमच्या घरात बी हीच तक्रार हाय की, वहिनी,” मेस्त्री म्हणाले. “सुई घेतली, बरं वाटलं.”

विजेच्या डब्याला जोडलेल्या लोखंडाला हात लावल्यावर बाईला झिणझिण्या येतात आणि विजेचे तीन जाणकार तिला दवाखान्यात पाठवतात! आज लिहितानाही मला संताप येतो. त्या वेळी मात्र मी गेले. इंजेक्शनं घेतली. डॉक्टरीणबाई तरुण आणि शहाणी होती. तिने मुंग्या कोणत्या दिवशी येतात, किती येतात, ते लिहून ठेवायला सांगितलं.

लिहायचं कुठे, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. तिथे मी पाण्याच्या दिवसाला गोल करते. आता मुंग्यांच्या दिवसाला फुली करू लागले. थोड्या मुंग्या एक फुली, जास्त मुंग्या दोन.

दीड महिन्यानंतर एका सकाळी भाकरी थापता थापता माझं लक्ष कॅलेंडरकडे गेलं आणि तव्यावरची भाकरी करपली. गोल, मग दोन दिवस कोरे, मग एक फुली, मग दोन फुल्या. पुन्हा गोल, दोन कोरे, एक फुली, दोन फुल्या. एकदा पाणी सहाव्या दिवशी आलं होतं, तेव्हा दोन फुल्यांचा दिवस जास्त होता. आठवीच्या पोराला विचारलं असतं तर त्याने पुढची ओळ पूर्ण केली असती. माझ्या अंगातलं बी-ट्वेल्व्ह महापालिकेच्या वेळापत्रकाप्रमाणे कमी-जास्त होत होतं, किंवा मग दोष माझ्या अंगात नव्हता.

घूंही नेमका त्याच दिवशी यायचा आणि जायचा. पाण्याच्या दिवशी दुपारी मी धुणं धुवायचे, अंगणभर पाणी व्हायचं, ते खड्ड्यात मुरायचं आणि वीज जमिनीत जायला लागायची. डब्यातला कंडेन्सर, वेणी, काटकोन, एकवाक्यता, कशानेच काही झालेलं नव्हतं. आठ महिने आमच्या घरातला घूं माझ्या धुण्याच्या पाण्याने बंद होत होता आणि त्याबद्दल मीच भजी तळत होते.

मी ह्यांना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच ते बघितलं.

“योगायोग,” ते म्हणाले. “कॅलेंडरवरून इलेक्ट्रॉनिक्स कळत असतं तर आम्ही शिकलो कशाला?”

एक बादली त्या नळीत ओतून पाहता आली असती, हे मलाही कळत होतं. पण मे महिना होता. खरं सांगते, मीही सोलापूरची. कोरड्या मातीत भरलेली बादली उपडी करायला माझाही हात उचलला नाही. मी वेगळी वाट काढली. अक्कालाच पाण्याच्या दिवशी बोलवायचं. सकाळी पाणी येईल, मी अंगण भिजवीन आणि दुपारी वाजवीन. समितीला काय म्हणायचं ते म्हणू दे.

फोन केला तर अक्काच्या सुनेने घेतला. अक्काला फोनवरचं आता कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुलगा तिला कानाच्या ऑपरेशनला बंगळूरला नेणार होता आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असलेलंही जाऊ शकतं. मी दिवस सांगितला. सुनेने तो अक्काला पाटीवर लिहून दाखवला म्हणे.

अक्का सकाळच्या गाडीने आली. दुपारच्या गाडीने परत जायचं होतं, घरी बंगळूरची बांधाबांध होती. आणि पाणी आलं नाही.

नळाने दोनदा फुसफुस केली आणि गप्प झाला. कुठेतरी पाइपलाइन फुटली होती. उद्या येईल, परवा येईल, कोणालाच माहीत नव्हतं. पिण्याचा हंडा सोडला तर घरात दोन अर्ध्या बादल्या होत्या, न्हाणीत ताट झाकून ठेवलेल्या. एक ह्यांच्या अंघोळीची, एक माझी. पाहुणी येणार म्हणून मी स्वयंपाकाच्या मागे आणि हे बाहेरची खोली आवरायच्या मागे होते, अंघोळी राहिल्या होत्या.

समिती सवयीने जमली होती. तिकडे पाणी नव्हतं, तरी पाय इकडे वळले होते. अक्का खुर्चीवर बसली, पदर सावरला, मशीन नीट बसवलं आणि शहाण्या मुलीसारखे हात मांडीवर ठेवले. मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह पेटले, चटणीचा वास आला, आणि मग घूं. कोरड्या पाचव्या दिवसाचा, भरदार.

अक्काच्या कपाळाला आठी पडली. ती हसायचा प्रयत्न करत होती, पण तिचा हात हळूहळू कानाकडे निघाला.

मेस्त्री पुढे सरसावले. “थांबा की जरा. कंडेन्सर बघतो—”

“कोणी डब्याला हात लावायचा नाही!” मी ओरडले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज माझ्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघाला. “त्या अर्थिंगच्या नळीत एक बादली पाणी ओता.”

प्राध्यापक म्हणाले, “वहिनी, तत्त्वतः—”

मी स्वयंपाकघरातून कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं आणि ह्यांच्या हातात दिलं. “चष्मा लावा,” म्हटलं. “गोल म्हणजे पाणी. फुली म्हणजे मला शॉक. शॉक! मुंग्या नव्हेत. वाचा मोठ्याने.”

त्यांनी चष्मा लावला. मोठ्याने वाचलं नाही, पण बोट एकेका तारखेवरून सरकत गेलं. गोल, कोरा, कोरा, फुली, दोन फुल्या. दुसऱ्या महिन्याचं पान उलटलं. तिथेही तेच. त्यांचा चेहरा असा उतरला की मला भीती वाटली.

“एक्स्चेंजच्या खड्ड्यात,” मी म्हटलं, “रोज दोन बादल्या ओतायला लावायचात ना हो तुम्ही?”

त्यांनी कॅलेंडर खाली ठेवलं. उठून न्हाणीत गेले. ताट बाजूला ठेवल्याचा आवाज आला. स्वतःच्या अंघोळीची अर्धी बादली घेऊन ते भर उन्हात अंगणात गेले, वाकले, आणि एक थेंब बाहेर सांडू न देता, धार धरून, ती सगळी त्या नळीत ओतली.

आम्ही सगळे डब्याकडे बघत बसलो. आधी काहीच झालं नाही. मग घूं जरा खाली बसला. आणखी खाली. मग मेस्त्रींच्या घरचे माग ऐकू यायला लागले आणि डबा गप्प झाला. अक्काचा हात कानापासून निघून पुन्हा मांडीवर आला.

मी कांडी तारेवर टेकवली. झिणझिण नव्हती. वाजवायला लागले. बोटं आखडली होती, दुसऱ्या ओळीत मी चुकले, अंतऱ्याला सूर जरा उतरला. गॅदरिंगला वाजलं होतं त्याच्या निम्मंही ते नसेल. पण घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. आठ महिने ज्यांनी डबा ऐकला होता ते तिघं पहिल्यांदाच मला ऐकत होते, हेही मला वाजवताना दिसत होतं. अक्का डावा कान पुढे करून, डोळे मिटून बसली होती.

संपल्यावर तिने डोळे उघडले.

“एवढंच व्हय?” ती म्हणाली. “यव्वा! एवढ्यासाठी मी अप्पाच्या तोंडावर खोटं बोलले व्हय गं?”

मी हसले आणि मग मला रडूच आलं. तीही रडत होती.

“आणिक एकदा वाजव,” ती म्हणाली. “वन्स मोअर.”

दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा, गाणं निम्म्यावर असताना, सुरांच्या खाली कुठेतरी बारीक घूं पुन्हा उठला. मे महिन्याची माती, अर्धी बादली तिला किती पुरणार! हे दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी न्हाणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत एकच बादली उरली होती, माझी. माझे हात गिटारीवर होते, मी मानेनेच हो म्हटलं. ते गेले आणि तीही ओतून आले.

अक्का निघाली तेव्हा हे कपाळभर विभूती लावून देवासमोर बसलेले दिसले. “आज भस्मस्नान,” एवढंच म्हणाले. त्यांच्या अंघोळीचा नेम मोडलेला मी तेवढाच पाहिला. प्राध्यापक घरी जाताना मेस्त्रींना सांगत होते की अर्थिंगची शंका आपण पूर्वीच काढली होती.

रिक्षात बसताना अक्काने कानातलं मशीन काढलं, पुसलं आणि त्याच्या छोट्या डबीत ठेवलं. “गाडीत लई गोंगाट असतो?” मी हातवारे करून विचारलं.

“गोंगाटाचं काय न्हाय,” ती म्हणाली. “आता दुसरं काय ऐकायचं न्हाय मला. हेच ऱ्हाऊ दे कानात.”

मी तिला स्टेशनावर गाडीत बसवून आले. पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं.